चेर्नोबिलची मोजदाद

युक्रेनच्या उत्तर भागात प्रिप्यात नदीच्या काठी १९७० साली एक नवे नगर वसविण्यात आले आणि नदीचेच नाव त्याला मिळाले. जवळच चेर्नोबिलचे अणुवीजकेंद्र होते; तेथील अभियंते, कामगार आणि त्यांचे कुटुंबीय हीच नगराची मुख्य वस्ती. सोळा वर्षांनी हे नगर एका दुपारी ओस पडले, ते आजतागायत ओसच आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. वीजपुरवठा अकस्मात तुटल्यास, फिरत्या जनित्राच्या उरलेल्या वेगावर पाण्याचे पंप काही काळ चालविता येतील काय, याची चाचणी त्या वेळी चालली होती. अल्प शक्तीवर अस्थिर होणे हा त्या भट्टीच्या रचनेतीलच दोष. त्यात चाचणीसाठी सुरक्षेचे काही उपाय बंद ठेवलेले. एक कामगार ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याचा देह कधीच हाती लागला नाही. दुसरा काही तासांतच मरण पावला. आग विझविण्यास धावलेल्या जवानांच्या पायाखाली भट्टीतील ग्राफाइटचे तुकडे विखुरले होते. तीव्र किरणोत्सर्गाची बाधा १३४ जणांना झाली. त्यांपैकी २८ जण पुढच्या काही महिन्यांत दगावले.

येथवरची गणना सोपी आहे. तिच्यापुढची मोजदाद मात्र अद्याप पुरी झालेली नाही.

स्फोटानंतरचा दिवस शनिवारचा होता. प्रिप्यातमधील मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी हजाराहून अधिक बसगाड्या आल्या आणि सुमारे ४९ हजार लोकांना तात्पुरते म्हणून हलविण्यात आले. जगाला वार्ता कळली ती २८ एप्रिलला, स्वीडनमधील फोर्समार्क येथील अणुकेंद्रातल्या यंत्रांनी हवेतील किरणोत्सर्ग टिपला तेव्हा. त्याच संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची घोषणा केली. १ मे रोजी कीव शहरात मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली आणि देशाचे नेते गोर्बाचेव्ह यांचे भाषण जनतेने ऐकले ते १४ मे रोजी.

हे मौन सर्वांत महाग पडले ते मुलांना. किरणोत्सर्गी आयोडीनचे बळ आठ दिवसांत निम्मे होते. म्हणजे सावध व्हावयाचे ते याच दिवसांत. ते गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात उतरले आणि दुधातून मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. पोलंडने काही दिवसांतच लक्षावधी मुलांना साधे आयोडीन पाजले. बेलारूस आणि युक्रेनमधील कित्येक खेड्यांत मात्र मुले घरचेच दूध पीत राहिली. चार-पाच वर्षांत मुलांतील थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढू लागले आणि २००५ पर्यंत, अपघातसमयी अठरा वर्षांखाली असलेल्यांत, सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. सर्वच रुग्ण किरणोत्सर्गाचे नव्हेत; पण मोठा वाटा त्याचाच. उपचारांमुळे बहुतेक जण वाचले. मात्र गळ्यावरील शस्त्रक्रियेचा व्रण आणि रोजचे औषध अनेकांच्या आयुष्याची सोबत झाले.

दुसरा वर्ग सफाईच्या कामगिरीवर गेलेल्यांचा. सोव्हिएत संघाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या अशा सुमारे सहा लाख सैनिकांची, खाणकामगारांची व वाहनचालकांची अधिकृत नोंद आहे. छपरावरचे ग्राफाइट फावड्याने खाली लोटण्यास सैनिक मिनिटा-दोन मिनिटांच्या पाळीने चढत. त्यांना पदके व सवलती देण्यात आल्या. परंतु ज्या राज्याने ही वचने दिली तेच १९९१ मध्ये विलयास गेले.

एकूण मृत्यू किती? आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २००५ च्या अहवालाने, सर्वाधिक किरणोत्सर्ग सोसलेल्यांत अखेरीस सुमारे चार हजार मृत्यू होतील, असा अंदाज दिला. इतरांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. कर्करोगावर त्याच्या कारणाची मुद्रा नसते. अमुक माणूस चेर्नोबिलमुळे गेला, असे एकेकट्याविषयी सांगणे बहुधा अशक्य, आणि म्हणूनच विधवेला आपल्या दुःखाचा दाखला मिळविणे कठीण.

त्याच अहवालाने मनावरील आघाताला सर्वांत मोठा आरोग्यप्रश्न म्हटले. सुमारे साडेतीन लाख लोकांची घरे सुटली. नव्या गावी त्यांच्या मुलांजवळ बसण्यास इतर मुले कचरत. तरुण स्त्रिया मातृत्वाच्या विचाराने धास्तावत. कित्येक वृद्ध, त्यांत स्त्रियाच अधिक, मनाई मोडून आपल्या खेड्यांत परतले आणि तेथेच बटाटे पिकवीत राहिले.

२०१६ मध्ये भग्न भट्टीवर पोलादी कमान सरकविण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, युद्धकाळात, ड्रोनच्या आघाताने तिलाही भगदाड पडले. जमिनीत मुरलेल्या सीझियमला निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. म्हणजे पहिली तीस वर्षे सरली तरी त्याचा निम्मा साठा उरलाच आहे. ईस्टरनंतरच्या पितृस्मरणाच्या दिवसांत, विखुरलेली कुटुंबे ओस गावांतील थडग्यांवर फुले वाहण्यासाठी वर्षानुवर्षे येत राहिली. घरी राहण्याची परवानगी नव्हती. पूर्वजांना भेटून संध्याकाळी परतावे लागे.