एकाच नळीवर टांगलेले श्वास

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसणाऱ्या एखाद्या घरात गळ्यातल्या नळीतून श्वास घेणारं मूल असेल, तर त्या आईबापांनी नाशिकच्या रुग्णालयातल्या ऑक्सिजन दुर्घटनेचा, २१ एप्रिल २०२१ चा, घटनाक्रम एकदा नीट वाचावा. बाकीचे लोक त्यात गळती बघतात. या घरातली माणसं प्रत्येक वेळेपुढे एकच गोष्ट शोधतील : इथे दुसरी सोय काय होती?

मार्चअखेर. नाशिकच्या द्वारका भागात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. करोनाच्या रुग्णांसाठी तिथे १३ हजार लिटरची ऑक्सिजन टाकी नुकतीच बसवली होती. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतो आणि त्याच्या एका लिटरपासून साधारण ८६० लिटर वायू होतो. सिलिंडरची ओढाताण संपवणारी ही सोय होती, यात वाद नाही.

१९ एप्रिल, रात्री. राज्यात ऑक्सिजनचा तुटवडा होता; तो आणायला पहिली रेल्वे कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमकडे निघाली. ती नाशिकला पोहोचली २४ तारखेला.

२१ एप्रिल, सकाळ. बुधवार. रुग्णालयात दीडशेच्या आसपास रुग्ण, त्यातले बहुतेक ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर. सगळ्यांचा श्वास त्या एका टाकीवर.

दुपारी १२ नंतर. टँकरमधून टाकी भरण्याच्या वेळी गळती सुरू झाली. आवारात पांढरे ढग पसरले. टीव्हीवर दिवसभर हेच दृश्य दाखवलं गेलं, पण खरी घटना दिसणारी नव्हती. ती नळीच्या दुसऱ्या टोकाला, खाटेवर घडत होती. तिथला ऑक्सिजनचा दाब उतरत गेला. ज्याची फुप्फुसं निकामी होत आली आहेत, त्याला खोलीतल्या हवेतला २१ टक्के ऑक्सिजन पुरत नाही. मेंदूचा पुरवठा पूर्ण तुटला तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते.

त्यानंतरचा तास. अग्निशमन दल आलं, तंत्रज्ञ आले, गळती थांबली. वॉर्डांत तोवर सिलिंडरसाठी धावाधाव चालू होती. जे संकटाआधी खाटेशेजारी उभं असायला हवं, ते संकटात शोधावं लागत होतं.

संध्याकाळपर्यंत. २२ मृत्यू जाहीर झाले. पुढे हा आकडा २४ झाला. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची चौकशी समिती नेमली गेली.

टाकी गळणं हा अपघात म्हणता येईल. एवढी माणसं जाणं हा मला अपघात वाटत नाही. नवी टाकी आली तेव्हा तिच्यासोबत ती बंद पडण्याची तयारीही यायला हवी होती.

आता पुन्हा त्या घरात. तिथली रात्रही अशीच पायरी-पायरीने उतरते. संध्याकाळी साधी सर्दी. नऊच्या सुमारास नळीतला स्राव घट्ट होतो आणि तासाला एकदा लागणारं सक्शन दर दहा मिनिटांनी करावं लागतं. अकराला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागते. बाराला ऑक्सिमीटर ९४ वरून ८९. फ्लोमीटर एकवरून तीनवर न्यावा लागतो. दीड हजार लिटरचा भरलेला बी-टाइप सिलिंडर मिनिटाला एक लिटरने पंचवीस तास चालला असता, आता त्याचे आठ-साडेआठ तासच उरतात. हे गणित आईला तोंडपाठ असतं, आणि सिलिंडर अर्धाच भरलेला असतो. तेवढ्यात वीज जाते. ६३० मेगावॅटच्या केंद्राच्या सावलीत राहिलात म्हणून हवेतून ऑक्सिजन काढणारा, विजेवरचा कॉन्सन्ट्रेटर चालू राहत नाही. तिथली वीज आधी ग्रीडमध्ये जाते.

अशा घरातली आई मात्र त्या मोठ्या रुग्णालयापेक्षा बरेचदा सज्ज असते. उशाशी गळ्यातली जादा नळी, तिच्याहून एक नंबर लहान दुसरी, फीत, कात्री, हाताने दाबून श्वास देणारी अँबू बॅग, पायाने चालवायचं सक्शन. नातेवाईक तिला घाबरट म्हणतात. म्हणोत बापडे.

तर ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी. सिलिंडरचा काटा रोज रात्री झोपण्याआधी बघा. त्याचा पाना सिलिंडरच्याच मानेला बांधा. अँबू बॅग घरातल्या किमान दोघांना वापरता आली पाहिजे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याखाली ऑक्सिजन गेला आणि सक्शन करूनही वर आला नाही, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा की मुलाच्या गळ्यात नळी आहे, ऑक्सिजन असलेलीच गाडी पाठवा.