शिकागोचा मोकळा किनारा

एखादे मोठे शहर पाहावयास निघालेला मनुष्य प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. अमेरिकेतील शिकागो शहरासाठी अशी यादी करणे कठीण नाही. तीत गगनचुंबी इमारती येतील, वस्तुसंग्रहालये येतील आणि मिशिगन सरोवर तर येईलच. परंतु ती स्थळे कोणत्या क्रमाने पाहावीत हे ज्याला इतिहासाच्या सल्ल्याने ठरवावयाचे असेल, त्याने सरोवराचा काठ धरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे. सर्वांसाठी म्हणून राखलेली जागा प्रत्यक्षात कोणाची, हा या शहराचा जुना वाद त्या काठावरच लढला गेला आहे.

सरोवर म्हटले की मराठी मनापुढे रंकाळा किंवा लोणार उभे राहते. मिशिगन सरोवराचा विस्तार सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ एकपंचमांश आहे. पैलतीर दृष्टीस पडत नाही. पाणी मात्र गोडे. हिवाळ्यात येथील वारा हाडे गोठवणारा असतो. म्हणून पायी हिंडावयाचे असेल तर मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस निवडावेत.

प्रवासाचा आरंभ शिकागो नदीच्या मुखापासून करावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल या आफ्रिकी वंशाच्या व्यापाऱ्याने येथे घर बांधले. त्याची पत्नी पोटावाटोमी या मूळ रहिवाशांच्या जमातीतील होती. शहराचे नावही मूळ रहिवाशांच्याच भाषेतले. येथे उगवणाऱ्या रानलसणीवरून ते पडले. पुढे १८३३ च्या तहाने पोटावाटोमींना या भागातील उरलीसुरली भूमी सोडावी लागली आणि १८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३६ मध्ये, कालव्याच्या आयुक्तांनी जमिनीचे भूखंड पाडताना नकाशावर सरोवरालगतच्या एका पट्ट्यात एक शेरा लिहून ठेवला. ही जागा सार्वजनिक असून ती सदैव मोकळी व इमारतींपासून मुक्त राहावी, असा त्याचा आशय होता.

नदीमुखापासून थोडे दक्षिणेस गेले की ग्रँट पार्क लागते. त्या शेऱ्याची कसोटी येथे लागली. १८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे काठाकाठाने शहरात आली. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सरोवराच्या तळाची हजार एकरांहून अधिक जागा त्या कंपनीस देऊन टाकली आणि १८७३ मध्ये हे दान मागे घेतले. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सरोवराचा तळ राज्याकडे जनतेच्या वतीने ठेव म्हणून असतो, तो असा देऊन टाकता येत नाही, असा निर्णय १८९२ मध्ये झाला. या निवाड्याचे पडसाद भारतातही उमटले. १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या जमिनीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्ततेचे हेच तत्त्व स्वीकारले आणि त्या विवेचनात शिकागोच्या निकालाचा परामर्श घेतला.

१८७१ च्या प्रचंड आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा याच काठावर सरोवरात लोटण्यात आला आणि किनारा पुढे सरकला. नव्या जमिनीवर इमारती उठविण्याचे बेत सुरू झाले. टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी नकाशावरील त्या जुन्या शेऱ्याचा आधार घेऊन १८९० पासून १९११ पर्यंत एकामागून एक खटले लढवले व उद्यान मोकळे राखले. त्यांची स्वतःची पेढी या जागेसमोरच होती, हे खरे. तरी लाभ साऱ्या शहराचा झाला. मात्र याच भरावाच्या जमिनीवर पोटावाटोमींनीही हक्क सांगितला. आमच्या पूर्वजांनी तहात पाण्यापर्यंतची भूमी दिली, पाणी बुजवून केलेली भूमी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

याच उद्यानात आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी येथे सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांची वाणी जगाला ऐकू आली. त्याच परिषदेत जैन धर्माच्या वतीने वीरचंद गांधी व ब्राह्म समाजाच्या वतीने मुंबईचे बी. बी. नगरकर हेही बोलले होते. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ही परिषद भरली, ते दक्षिणेस जॅक्सन पार्कमध्ये होते. त्या प्रदर्शनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना योग्य स्थान नाकारण्यात आले. आयडा वेल्स व फ्रेडरिक डग्लस यांनी पुस्तिका काढून त्याचा जाब विचारला.

आता आणखी दक्षिणेस, एकोणतिसाव्या रस्त्याच्या टोकाशी थांबावे. येथे पाण्यात कोणतीही खूण नव्हती. पण गोऱ्यांचे पाणी कोठे संपते आणि काळ्यांचे कोठे सुरू होते, हे सर्वांना ठाऊक होते. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहताना ती अदृश्य रेषा ओलांडून गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला अटक करण्याचे नाकारले. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली; त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. कायद्याने मोकळा असलेला किनारा रूढीने बंद होता. आणखी दक्षिणेच्या रेनबो बीचवर १९६० व १९६१ मध्ये काळ्या-गोऱ्या तरुणांना बरोबरीने पाण्यात उतरून हा हक्क पुन्हा मागावा लागला.

काठ पाहून झाल्यावर प्रवाशाने शहरात वळावे. पिल्सन या वस्तीचे नाव चेक लोकांनी ठेवले, पुढे तेथे मेक्सिकन कुटुंबे नांदू लागली. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ब्राँझव्हिल घडवले. डेव्हन अॅव्हेन्यू या एकाच रस्त्याच्या निरनिराळ्या भागांना महात्मा गांधी, महंमद अली जिना आणि गोल्डा मायर यांची नावे मानाने दिलेली आहेत. मराठी मंडळीही येथे आली. उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये याच शहरात झाली.

या वस्त्या एकमेकींपासून पुष्कळदा दूर राहिल्या. त्यांना एकत्र येण्यास जी जागा आहे, ती मुख्यतः सरोवराच्या काठाची. शहराच्या सुमारे तीस मैलांच्या किनाऱ्यापैकी सव्वीस मैल सार्वजनिक आहेत. नकाशावरच्या एका ओळीने एवढे घडले नसते. व्यापाऱ्याने न्यायालयात झगडावे, तरुणांनी पाण्यात उतरावे, तेव्हा त्या ओळीला अर्थ आला. आणि ज्यांची भूमी गेली त्यांच्यासाठी तो आजही अपुराच आहे. बेत आखताना एवढे ध्यानी ठेवणाऱ्या प्रवाशाला तेथील प्रत्येक फर्लांगाचे मोल कळेल.