पंडिता रमाबाईंचा बायबल-विचार

बायबलमधील बुद्धीला सहज न पटणाऱ्या शिकवणींचा अर्थ कसा लावावा, याविषयी पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी मांडलेली आणि काळानुसार बदलत गेलेली भूमिका. बायबल हेच अखेरचे प्रमाण, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने तारण आणि ज्याचा त्याने अनुभवायचा नवा जन्म, या तीन गोष्टींवर सुवार्तिक प्रॉटेस्टंटांचा भर असतो. रमाबाई अखेरीस याच परंपरेत स्थिरावल्या, पण तिथवर त्या वाद घालत घालत गेल्या.

मराठी भाषकांत अशा चर्चेला त्यांच्या आधीच तोंड फुटले होते. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून वादाला शास्त्रीय बैठक दिली. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. रमाबाईंच्या धर्मांतरामागे गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. गोरे मात्र चर्चच्या परंपरेला मानणारे, आणि रमाबाईंचा खटका उडाला तो नेमका परंपरेशीच.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन मठात मुक्काम असताना त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्रैक्य, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, देहाचे पुनरुत्थान हे त्यातले मुख्य विषय. त्रैक्याचा सिद्धांत ‘अथनासियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकारात सविस्तर सांगितला आहे आणि तो न मानणाऱ्याचा सार्वकालिक नाश होईल, असेही त्यात बजावले आहे. रमाबाईंना हे मान्य होईना. शास्त्रात आधार दाखवा, मग मानते, एवढेच त्यांचे म्हणणे. चर्चने ठरवले म्हणून ते देवाचे वचन होत नाही, आणि आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. प्रश्न तसा निराधार नव्हता. योहानाच्या पहिल्या पत्रात त्रैक्याचे उघड विधान करणारे वाक्य मागाहून घुसलेले म्हणून इंग्रजी सुधारित नव्या करारातून १८८१ मध्येच गाळले गेले होते.

या वादातला एक प्रसंग बोलका आहे. अंगावर घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती रमाबाईंना नको होती. स्वतःला न समजणाऱ्या भाषेतले शब्द का मिरवावेत, लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा काय अधिक आहे, आणि ब्राह्मणांना संस्कृतविषयी वाटते तसेच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते काय, अशी विचारणा त्यांनी केली. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या लेकीला लहानपणापासून खंडनमंडनाची सवय होती. प्रश्न विचारणे म्हणजे गुरूचा अवमान, हे तिच्या गावीही नव्हते. ही पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, रमाबाईंच्या श्रद्धेला वळण लागले. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर आपले खरे परिवर्तन झाले, असे त्यात हॅस्लम सांगतो. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळायचा राहिला, अशी जाणीव रमाबाईंना झाली. १९०७ च्या साक्षीपर पुस्तकात त्यांनी ती नोंदवली आहे. इंग्लंडमधल्या रमाबाई बंडखोर आणि भारतात परतून केडगावला मुक्ती मिशन हा स्त्रियांचा आश्रम चालवणाऱ्या रमाबाई भाविक, अशी वाटणी अनेक चरित्रकार करतात. ती फारशी टिकत नाही. शास्त्राबाहेरचे नाकारायचे, ही कसोटी आधीही होती. शास्त्रात आहे ते अडचणीचे वाटले तरी टाकायचे नाही, ही तिचीच दुसरी बाजू पुढे वरचढ झाली.

या कसोटीची परीक्षा १९०५ मध्ये झाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जूनअखेर प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करत, अंगात अग्नी भरल्यासारखे वाटते असे सांगत. पुढे अन्य भाषा बोलण्याचे प्रकारही घडले. काही मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली: भारतीय माणूस आपल्या रीतीने भावना व्यक्त करणार, त्याला पाश्चात्त्य शिस्तीचे माप लावू नये. त्याचबरोबर अन्य भाषा बोलता आली तरच पवित्र आत्मा लाभला, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. प्रेषितांची कृत्ये आणि करिंथकरांस पहिले पत्र यांत या विषयाची दोन टोके दिसतात, आणि त्यांची भूमिका त्या दोहोंना धरून आहे.

अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, आणि हिंदू धर्मविचारात रुळलेल्या संज्ञांमुळे मूळ अर्थ भलतीकडे जातो, अशी त्यांची तक्रार होती. एके काळी कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून काढावेत, हा योगायोग नव्हे. त्या शब्दांचे वजन तिला पुरते ठाऊक होते. मुक्तीच्या छापखान्यात जुळारी म्हणून काम करणाऱ्या आश्रमवासी स्त्रियाच होत्या. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये बाहेर पडला. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले.