फौजीच्या कागदावरचा एक शब्द

माणगावच्या बाजारात एक चाचा अधूनमधून भेटतात. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मागच्या खेपेला ते प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आले. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, बँकेचं पासबुक आणि घडी घालून घालून फाटायला आलेले दोन-तीन अर्ज होते. ‘जरा बघ रे, हे लोक काय म्हणतात ते,’ चाचा म्हणाले.

प्रकरण एका शब्दाचं होतं. चाचा भरती झाले ड्रायव्हर म्हणून. पुढे कोर्स करून ते वाहनदुरुस्तीच्या ट्रेडमध्ये गेले आणि उरलेली सगळी नोकरी त्यांनी हातात पाना घेऊनच केली. कागदावर मात्र ते शेवटपर्यंत ड्रायव्हरच राहिले. त्यांनी अर्ज केला, तेव्हा ‘आमच्या नोंदीप्रमाणे बरोबर आहे’ असं उत्तर आलं. चाचा मला म्हणाले, ‘पैसे कमी आहेत ते आहेतच. पण मी जे काम केलं, ते कुठे लिहिलेलंच नाही.’

हे वाक्य डोक्यातून जाईना. ‘काय काम केलं’ या रकान्यात सरकार जे लिहितं, त्यावर माणसाचा पगार, पेन्शन आणि मागे राहणारी आठवण ठरते. या रकान्याचा इतिहास जुना आहे आणि आपल्या कोकणी मुसलमानांच्या घराण्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

सैनिकाची नोंद ठेवण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. सातव्या शतकात खलिफा हजरत उमर यांनी ‘दीवान’ सुरू केला, तेव्हा सैनिकांची नावं आणि त्यांचे तनखे एका दप्तरात आले. बद्रच्या लढाईत कोण होतं आणि नंतर कोण आलं, यावर तनख्याचा आकडा ठरे. म्हणजे नोंद चुकली की हक्क चुकला, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत बसवली, अकबराने ती पुन्हा आणली. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हजेरीपटाचं काम सबनिसाकडे असे. नोंद करणारा कारकून लढणाऱ्याइतकाच महत्त्वाचा, हे या सगळ्यांना ठाऊक होतं.

आता समुद्राकडे वळू, कारण कोकणातल्या मुसलमानाची चाकरी बहुतेक करून पाण्यावरची. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी यांच्या बरोबरीने एक मोठं नाव येतं ते दर्यासारंगाचं. सभासद बखरीत तो मुसलमान सुभेदार असल्याचा उल्लेख आहे. ‘सारंग’ हा शब्द फारसी ‘सरहंग’वरून आला. सरहंग म्हणजे फौजेचा सरदार. दर्यासारंग म्हणजे दर्यावरचा सेनापती.

तोच सारंग पुढे कंपनीच्या आणि मग आगबोटींच्या काळात जहाजावरच्या खलाशांचा मुकादम झाला. ‘लश्कर’ म्हणजे फौज. त्याच शब्दापासून इंग्रजी कागदांत ‘लास्कर’ झाला आणि त्याचा अर्थ उरला हिंदुस्थानी खलाशी, कमी मजुरीचा. जहाजावर कामं नाना प्रकारची होती. सुकाणू धरणारा सुकाणी, सारंगाच्या हाताखालचा तांडेल, यंत्राला तेल घालणारा तेलवाला, भट्टीपुढे उभा राहणारा आगवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला. प्रत्येकाचं कसब वेगळं आणि ते शिकायला वर्षं लागत. दूरच्या कचेरीत बसलेल्या माणसाला मात्र हे सगळे लास्करच होते. त्याच जहाजावर तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या मानाने यांच्या हाती त्याचा थोडासा हिस्सा पडे. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, तेव्हा याच कारणावरून हिंदुस्थानी खलाशांनी अनेक बंदरांत संप केले.

खलाशाच्या नोकरीची नोंद एका दाखल्यात असे. तो दाखला खलाशी मंडळी पत्र्याच्या नळीत जपून ठेवत, म्हणून त्या कागदालाच ‘नल्ली’ म्हणू लागले. नल्ली हरवली तर पुढची बोट मिळणं मुश्कील. कोकणातल्या किती घरांत आजोबांच्या नल्लीची आठवण निघते! पण तिच्यात काय लिहिलं होतं, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

जे परत आले त्यांची ही गोष्ट. जे आले नाहीत त्यांचं काय झालं? मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दर्याखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. निदान त्यांची नावं तरी आहेत. इराकात बसऱ्याला १९२९ साली जे स्मारक उभं राहिलं, तिथे तेही झालं नाही. मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होत. बसऱ्याच्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदुस्थानी जवानांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या दिली.

या भेदाची कबुली यायला जवळपास शंभर वर्षं लागली. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच कारभाराचा अहवाल काढला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० जणांची नावानिशी आठवण ठेवली गेली नाही, किंवा मुळीच ठेवली गेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. ही माणसं मुख्यतः आफ्रिकेची आणि इजिप्तची. अहवालानंतर कमिशनने माफी मागितली. उशिरा का होईना, नोंद दुरुस्त करण्याचाच हा प्रकार.

नोंद नीट झाली तर काय होतं, हेही माणगावकरांना चांगलं माहीत आहे. नाईक यशवंत घाडगे आपल्याच तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढत होती. १० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन चालली आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. ते एकटे पुढे गेले. बॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय अवघं बावीस. त्यांची कबर सापडत नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पण त्या दिवशी त्यांनी काय केलं, हे कुणीतरी पाहिलं, लिहिलं, वर पाठवलं आणि ते राजपत्रात छापून आलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि आज माणगावात त्यांचा पुतळा आहे. शौर्य त्यांचं होतंच. ते आपल्यापर्यंत पोचलं ते नोंदीमुळे.

आणि नोंद उलटी झाली तर? फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर उठाव झाला. ‘तलवार’ ही संदेशवहनाची शाळा होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान लीडिंग सिग्नलमन होते, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट. एक मुसलमान, एक शीख. दोघांचंही काम निरोप पोचवण्याचं आणि त्यांनी तो देशभर पोचवला. पाच-सहा दिवसांत उठाव मिटला आणि चारशेहून अधिक नाविकांना नोकरीतून काढण्यात आलं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांना परत घेतलं नाही. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन योजना आली आणि तिच्या मान्य चळवळींत या नाविक उठावाचाही समावेश झाला. ज्या कागदाने त्यांची रोजी गेली होती, तोच कागद आता त्यांच्या देशसेवेचा पुरावा ठरला. माणूस तोच होता, काम तेच होतं. बदलला तो रकान्यातला शब्द.

आता पुन्हा चाचांच्या पिशवीकडे येऊ. आजच्या फौजेत या शब्दाचा हिशेब रुपयांत होतो. जवानांचे ट्रेड १९९७ पासून एक्स, वाय आणि झेड अशा तीन गटांत घातले गेले. सातव्या वेतन आयोगानंतर एक्स गटातल्या पदविकाधारक जवानाला त्या गटाचे म्हणून दरमहा ६,२०० रुपये वेगळे मिळतात. ‘वन रँक वन पेन्शन’ १ जुलै २०१४ पासून लागू झालं. त्याचे तब्बल १०१ तक्ते निघाले आणि त्यांत हुद्दा, सेवेची वर्षं आणि गट पाहून रक्कम ठरते. गट चुकला की तक्त्यातला रकाना चुकतो. जवान गेल्यावर तीच चूक त्याच्या बेवेच्या कुटुंब पेन्शनमध्ये उतरू शकते.

चूक होते कशी? जवानाचा ट्रेड बदलला, कोर्स झाला, लग्न झालं, मूल झालं, की युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला पोचली तर मूळ कागदात बदल होतो. युनिट तेव्हा सीमेवर असेल, कारकून बदलला असेल, टपाल अडलं असेल, तर जवानाच्या आयुष्यातला बदल कागदावर येतच नाही. त्या वयात पोराला वाटतं, साहेब बघतील. चूक कळते ती पंचवीस-तीस वर्षांनी, पासबुकातला आकडा शेजारच्या फौजीच्या आकड्याशी जुळला नाही तेव्हा.

दुरुस्तीचा रस्ता आहे. आधी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, त्यासाठी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. नोंद बदलली की कॉरिजेंडम पीपीओ निघतो. दाद मिळाली नाही तर २००७ च्या कायद्याने झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून सगळंच गेलं असंही नाही. तरसेम सिंग नावाच्या सैनिकाला १९८३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने घरी पाठवलं होतं. अपंगत्व पेन्शनसाठी तो कोर्टात गेला १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की चुकीची पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्यालाही दाद मागता येते. मात्र थकबाकी कोर्टात येण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे हक्क शिल्लक राहतो, पण गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते.

पुराव्यालाही मुदत असते. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानांचे कागद आपल्या फौजेत पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. तिथे नोंदी दुरुस्त करायला वेगळी मंडळं आहेत, तरी आगीनंतर अनेक म्हाताऱ्या सैनिकांची भिस्त घरातल्या ट्रंकेवर राहिली. जुनं पत्र, कोर्सचा दाखला, सोबत्यांबरोबरचा फोटो, यांतूनच त्यांची नोकरी पुन्हा जोडावी लागली.

मी चाचांना तेच विचारलं, ‘कोर्सचा काही कागद आहे का?’ ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी एक दाखला आणि एक फोटो घेऊन आले. फोटोत उघड्या इंजिनापुढे सहाजण उभे आहेत, हातांना काळं ग्रीस लागलेलं. डावीकडून तिसरे चाचा. आम्ही दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या, अर्ज नव्याने लिहिला आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

दर्यासारंगाचा आपल्याला हुद्दा माहीत आहे, त्याचं खरं नाव काय यावर आजही वाद आहे. बसऱ्याच्या जवानांचा नुसता आकडा उरला. चाचांचं नाव आहे, नंबर आहे, चुकलंय ते फक्त काम, आणि काय चुकलं ते सांगायला ते स्वतः हयात आहेत. तुमच्या घरात कुणी फौजी असेल, बोटीवरचा माणूस असेल, तर या आठवड्यात त्यांची ट्रंक उघडा. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, हे खरं आहे का?