वर्गणी भरली, पण अंक कुणाचा?

पुण्याची आयुका म्हटलं की आपल्याला तारे आणि दुर्बिणी आठवतात. पण देशभरातली विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारा 'इन्फ्लिबनेट' प्रकल्प १९९१ मध्ये याच आयुकाच्या छत्राखाली सुरू झाला, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. आज मुक्काम गांधीनगर.

तेव्हाची अडचण साधी होती. परदेशी जर्नल्सच्या वर्गण्या दरवर्षी वाढायच्या, वर रुपया घसरायचा. ग्रंथालयाचं बजेट मात्र होतं तेवढंच. मग ग्रंथपालांनी यादी घेऊन बसायचं आणि एकेक जर्नल बंद करायचं.

जर्नल्स ऑनलाइन आली आणि हिशोब बदलला. आणखी एका कॉलेजला वाचायला द्यायचं तर प्रकाशकाला कागद लागत नाही, पोस्टही लागत नाही. मग प्रत्येकाने वेगळी वर्गणी कशाला भरायची? सगळ्यांनी मिळून घासाघीस करायची. यालाच कन्सॉर्शियम म्हणतात. २००३ मध्ये आयआयटीसारख्या संस्थांसाठी 'इंडेस्ट' आलं, पाठोपाठ विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट'. २०१० मध्ये कॉलेजांसाठी 'एन-लिस्ट' सुरू झालं. २०१५ मध्ये या तिन्हींचं मिळून 'ई-शोधसिंधू' झालं. आणि १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन': ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स, ६,३०० हून जास्त संस्था, आणि तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये.

काम मोठंच झालं, त्यात वाद नाही. पण दोन गोष्टी बघायला हव्यात.

एक, छापील अंक एकदा घेतला की तो कपाटात राहायचा. वर्गणी बंद झाली तरी जुना अंक कुणी उचलून नेत नसे. ऑनलाइनमध्ये आपण अंक घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. भाड्याच्या घरासारखं आहे हे. करार संपल्यावर, पैसे भरलेल्या वर्षांचे अंक तरी उघडतील का, हे त्या करारात काय लिहिलंय यावर ठरतं.

दोन, नव्या योजनेचा पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक सीनियर कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची. रयत काय, विवेकानंद काय, गावोगावची पोरं शिकतात ती तिथेच. म्हणजे 'वन नेशन'मध्ये तालुक्याचं कॉलेज कधी येणार, हा प्रश्न आपलाच आहे.

ही तीन वर्षं २०२७ अखेर संपतील. पुढचा करार होण्याआधी हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. सुरुवात म्हणून आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालांना एकदा भेटा आणि विचारा: आपल्याकडे काय उघडतं, काय नाही?