अनधिकृत बँक व्यवहारातील रकमेचा परतावा (भारत)

खातेदाराच्या संमतीवाचून त्याच्या बँक खात्यातून वजा झालेली रक्कम त्याला परत मिळण्याबाबत भारतात जी नियमव्यवस्था आहे, तिचा पाया भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातला. नुकसान कोणी सोसावे हे या परिपत्रकानुसार दोन गोष्टींवरून ठरते: चूक कोणाची होती आणि खातेदाराने बँकेला किती दिवसांत कळविले. खातेदाराचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. परिपत्रक प्रथम वाणिज्य बँका, लघुवित्त बँका व पेमेंट बँकांसाठी काढण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठी आणि जानेवारी २०१९ मध्ये बिगरबँक कंपन्यांच्या प्रीपेड कार्ड व वॉलेटसाठी तशाच स्वरूपाचे नियम जारी झाले.

पार्श्वभूमी

खात्यात जमा असलेली रक्कम ही कायद्याच्या दृष्टीने बँकेने खातेदाराला देणे असलेले ऋण होय. खातेदाराच्या आदेशाशिवाय ती बँकेला कोणालाही देता येत नाही. बनावट सही हा आदेशच नव्हे, म्हणून बनावट सहीच्या धनादेशावर बँकेने पैसे दिल्यास तो तोटा बँकेचा ठरतो. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन (१९८७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. खातेदाराने पासबुक वेळोवेळी तपासले नाही, एवढ्या कारणाने बँक जबाबदारीतून सुटत नाही, असेही त्यात म्हटले होते.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत सहीची जागा पिन, पासवर्ड आणि ओटीपी यांनी घेतली. बनावट सही मूळ सहीशी ताडून ओळखता येते; मात्र चोरट्याने खराच ओटीपी वापरला, तर बँकेच्या यंत्रणेला तो आदेश खातेदाराचाच वाटतो. त्यामुळे जुन्या तत्त्वाला पूरक अशा स्वतंत्र नियमांची आवश्यकता निर्माण झाली.

दायित्वाचे नियम

शून्य दायित्व: बँकेचा निष्काळजीपणा, सेवेतील उणीव किंवा बँकेकडून झालेला गैरप्रकार यांमुळे रक्कम गेली असल्यास खातेदारावर कोणताही भार पडत नाही, त्याने तक्रार केली होती की नाही, हेही पाहिले जात नाही. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा प्रसंगी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास खातेदाराचे दायित्व शून्य राहते.

मर्यादित दायित्व: अशाच त्रयस्थ दोषाच्या प्रसंगी चार ते सात दिवसांत कळविल्यास प्रत्येक व्यवहारामागे खातेदाराचे दायित्व व्यवहाराची रक्कम किंवा पुढील मर्यादा यांपैकी जे कमी असेल तेवढे असते.
• मूलभूत बचत ठेव खाते: ५,००० रुपये
• अन्य बचत खाती, प्रीपेड साधने, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची चालू खाती, वार्षिक सरासरी शिल्लक २५ लाख रुपयांपर्यंत असलेली व्यक्तींची चालू खाती, ५ लाख रुपयांपर्यंत मर्यादेची क्रेडिट कार्डे: १०,००० रुपये
• इतर चालू खाती आणि ५ लाखांहून अधिक मर्यादेची क्रेडिट कार्डे: २५,००० रुपये

सात दिवसांनंतर कळविल्यास बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार निर्णय होतो.

खातेदाराचा निष्काळजीपणा: खातेदाराने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्यामुळे रक्कम गेल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे असते. कळविल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे असते.

उदाहरणार्थ, एटीएम कार्डाची नक्कल करून कोणी साध्या बचत खात्यातून एकाच व्यवहारात ४०,००० रुपये काढले आणि दोष अन्यत्र असल्याचे आढळले, तर दुसऱ्या दिवशी तक्रार करणाऱ्या खातेदाराला पूर्ण रक्कम मिळते. सहाव्या दिवशी तक्रार करणाऱ्याला त्यातील १०,००० रुपये सोसावे लागतात.

दिवसांची गणना मूळ शाखेच्या कामकाजाच्या दिवसांनुसार होते आणि संदेश मिळाल्याचा दिवस धरला जात नाही. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी संदेश आल्यास, अन्य सुट्टी नसेल तर, तीन दिवसांची मुदत बुधवारी संपते.

परताव्याची मुदत

तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावयाची असते. त्यासाठी विम्याच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. ही जमा मूळ व्यवहाराच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे व्याजाचे नुकसान होत नाही. तक्रारीचा अंतिम निर्णय ९० दिवसांच्या आत व्हावा लागतो. या मुदतीत दायित्व निश्चित न झाल्यास वरील नियमांनुसार देय असलेली भरपाई खातेदाराला द्यावी लागते.

तक्रारीचे टप्पे

तक्रार प्रथम बँकेकडे करावयाची असते. त्यासाठी चोवीस तास चालू असलेले मार्ग उपलब्ध ठेवणे आणि तक्रार क्रमांकासह तत्काळ पोच देणे बँकेला बंधनकारक आहे. हा क्रमांक व त्यावरील वेळ हा तक्रार केव्हा केली याचा खातेदाराकडील मुख्य पुरावा ठरतो.

फसवणुकीची रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी अडविण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची १९३० ही मदतवाहिनी आहे. २०२१ मध्ये या व्यवस्थेचा आरंभ झाला तेव्हा तिचा क्रमांक १५५२६० होता. तक्रार वेळेत पोहोचल्यास ज्या खात्यात रक्कम गेली, तेथे ती रोखून धरली जाते. अशी रोखलेली रक्कम परत मिळविण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा तिचे उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत तीन जुन्या योजना विलीन करण्यात आल्या. याखेरीज ग्राहक आयोग आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील अधिनिर्णय अधिकारी हेही मार्ग आहेत. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे अधिनिर्णय अधिकारी असतात आणि त्यांच्यापुढे ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे चालतात.

न्यायालयीन निर्णय

• केरळ उच्च न्यायालय (२०१९): बँकेने पाठविलेल्या लघुसंदेशाला खातेदाराने प्रतिसाद दिला नाही, एवढ्यावरून नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही.
• मुंबई उच्च न्यायालय (जून २०२४): एका कंपनीच्या खात्यात ओटीपी न येताच अनोळखी लाभार्थी जोडले जाऊन ७६ लाखांहून अधिक रुपये गेले होते. लोकपालाने तक्रार फेटाळली होती. न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे बँकेला रक्कम व्याजासह परत करण्यास सांगितले.
• सर्वोच्च न्यायालय (३ जानेवारी २०२५): खरेदीची वस्तू परत करू पाहणाऱ्या ग्राहकाला ग्राहक सेवा केंद्रातून बोलत असल्याचे भासवून ९४ हजारांहून अधिक रुपयांना फसविण्यात आले होते. त्याने २४ तासांच्या आत बँकेला कळविले होते. रक्कम परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवताना, खातेदारांनीही दक्ष राहून ओटीपी कोणाला सांगू नये, असे न्यायालयाने नमूद केले.

अयशस्वी व्यवहार

एटीएममधून रोख न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यावयाची असून त्यासाठी ग्राहकाच्या मागणीची आवश्यकता नसते.

मर्यादा

निष्काळजीपणा म्हणजे नेमके काय, याची तपशीलवार व्याख्या परिपत्रकात नाही. गुप्त माहिती दुसऱ्याला सांगणे एवढे उदाहरण दिलेले आहे. त्यामुळे चलाखीने ओटीपी काढून घेतलेल्या खातेदाराबाबत बँका बहुधा याच मुद्द्यावर परतावा नाकारतात. तथाकथित ‘डिजिटल अटके’सारख्या प्रकारांत खातेदार भीतीपोटी स्वतःच्या हाताने रक्कम पाठवितो. असा व्यवहार तांत्रिकदृष्ट्या अधिकृत ठरत असल्याने परिपत्रकाचे संरक्षण तेथे सहसा लागू होत नाही. अशा वेळी रक्कम परत मिळणे हे ती पुढील खात्यांत विखुरली जाण्यापूर्वी रोखली गेली की नाही, यावरच मुख्यतः अवलंबून राहते.