गळ्यातली सुरी, कमरेचा कोयता

ट्रेकला जाताना मी गळ्यात एक छोटी सुरी घालतो. नेक नाइफ म्हणतात तिला. पातं बोटभर, हाताने घडवलेलं. म्यान कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचं. हे प्लास्टिक गरम करून पात्याभोवती दाबतात, म्हणजे सुरी त्यात ‘टक्’ करून बसते. ती उलटी लटकते, मूठ खाली. खाली ओढली की हातात. दोरी कुठे अडकलीच तर गळफास लागू नये म्हणून झटक्यासरशी सुटणारी. इंजिनिअर माणसाला आवडावं असं सगळं.

मागच्या हिवाळ्यात विनोबा भाव्यांचं जन्मगाव बघायला गागोदे बुद्रुकला गेलो होतो. पेणहून एसटीने. वाटेत एक बाबा भेटले. कमरेला दोरीने बांधलेली लाकडी आकडी, तिच्यात मागच्या बाजूला अडकवलेला कोयता. माझ्या गळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “याने काय कापतोस रे?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोरी, सफरचंद, मॅगीचं पाकीट.

मग मी त्यांचा कोयता नीट पाहिला. प्रश्न तोच होता: हात मोकळे हवेत, धार अंगाला लागायला नको आणि लागेल तेव्हा एका हाताने निघायला हवी. उत्तर मात्र कितीतरी जुनं. पात्याचं टोक पुढे वाकलेलं, त्यामुळे फांदी निसटत नाही, आत ओढली जाते. वजन पुढच्या बाजूला, म्हणून घाव आपसूक बसतो. असे कोयते बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. लोहार पातं तापवून, ठोकून आकार देतो आणि शेवटी धारेला पाणी पाजतो. म्हणजे लालभडक धार पाण्यात बुडवून कडक करतो. पाठीचा भाग थोडा मऊ राहिला तर बरा, नाहीतर गाठीवर घाव बसला की पातं तडकतं.

याने काय कापतात, हा प्रश्न या भागात एकेकाळी सरकारनेही विचारला होता.

इथल्या भातशेतीत राब भाजायची पद्धत आहे. उन्हाळ्यात झाडांचा टहाळ तोडायचा, तो शेण, पातेरा आणि मातीसोबत वाफ्यावर पसरून जाळायचा आणि पावसाच्या तोंडाशी तिथे भाताचं बी पेरायचं. टहाळ तोडायला कोयता लागतो. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांवर बंधनं वाढली आणि शेतकऱ्याचा टहाळ वनखात्याच्या लेखी झाडाचं नुकसान ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. खैर उकळून कात काढणारे कातकरी तर जंगलावरच जगत होते. विनोबांचा जन्म १८९५ चा. म्हणजे ते जन्मले तेव्हा या मुलखात कोयता चालवायचा कुठे आणि कुणी, हा वाद चांगलाच जुना झाला होता.

तो पेटला चिरनेरला. हे गावही कुलाबा जिल्ह्यातलंच, आज उरण तालुक्यात. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. झाड तोडायचं आणि जंगल कायदा मोडायचा, एवढाच बेत. गांधींनी मीठ उचललं, इथल्या लोकांनी कोयता उचलला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. सरकारी बाजूचीही माणसं मेली, मामलेदार जोशी त्यांतलेच. कोयता हे अवजार की हत्यार, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी बंदुकीने दिलं गेलं.

१९५९ चा शस्त्र कायदा याबाबतीत शहाणा आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू तो शस्त्रांच्या व्याख्येतून वगळतो. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली, हे बघायचं. कागदावर हे सोपं आहे. रस्त्यावर बघणारा आधी वस्तू कुणाच्या कमरेला आहे ते बघतो. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रुळल्यापासून माझ्या ऑफिसातल्या कुणालाही कोयता म्हटलं की भात किंवा टहाळ आठवत नाही. सीसीटीव्हीचं फुटेज आठवतं. माझी नेक नाइफ मात्र त्यांना ‘कूल’ वाटते. खरं तर दोघांमध्ये रोज पोटासाठी चालणारं पातं एकच आहे.

परतीच्या एसटीत ते बाबा माझ्या पुढच्याच सीटवर होते. बसण्याआधी त्यांनी आकडीतून कोयता काढला, धार आतल्या बाजूला करून पायाशी ठेवला. कंडक्टरने तिकीट फाडून दिलं, कोयत्याकडे बघितलंही नाही.

ही बस पनवेलपर्यंत जाणारी होती. बाबा पेणलाच उतरले. तेच पुढे पनवेल स्टेशनवर, लोकलच्या गर्दीत असे उभे राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करत मी शर्टाच्या आत हात घालून माझी सुरी चाचपली. तिच्याकडे दिवसभरात कुणीच दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं.